व सहकारी

"कुंदाताई, हा तबला आहे का डालड्याचा डबा?"

शेडबाळे साहेबांनी कानावरचा हेडफोन काढला आणि मेलेला उंदीर टाकावा तसा माझ्या टेबलावर टाकला. दोन हजार सात सालची गोष्ट. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझी टायपिंग इन्स्टिट्यूट होती. ती बंद पडल्यावर सोळा टाइपरायटर भंगारात घालून मी एक कॉम्प्युटर घेतला आणि हौशी गायकांना कॅराओकेच्या सीडी करून द्यायला लागले. गाणाऱ्याचा आवाज वगळून बाकीचं सगळं वाजतं तो ट्रॅक. सीडी लावायची, माइक धरायचा, की पेन्शनर माणूससुद्धा पार्श्वगायक होतो.

सूरसंगत मंडळ हे माझं मुख्य गिऱ्हाईक. बावीस सभासद, बहुतेक साठीपुढचे, दर शनिवारी संध्याकाळी जमून गायचे. शेडबाळे साहेब अध्यक्ष. बँकेत मॅनेजर म्हणून निवृत्त झाले होते, पण मॅनेजरकी काही निवृत्त झाली नव्हती.

"बाजारात हेच मिळतं साहेब," मी म्हटलं.

"मग बाजार बदला की. बासरी वाजली का गिरणीचा भोंगा, कळत नाही. असल्या ट्रॅकवर मी काय गाणार?"

मला राग लवकर येतो. माहेरी मला फटाकडी म्हणायचे आणि सासरी आल्यावरही त्यात फरक पडला नाही. पण साहेब खोटं बोलत नव्हते, म्हणून मला दुप्पट राग आला. मी कोल्हापूरची दुकानं पालथी घातली होती. पुण्याहून एका माणसानं 'एकदम ओरिजिनल' म्हणून पाठवलेल्या पंचवीस सीडींतल्या वीस गाण्यांना एकच ढोलक होता. इंटरनेटवरून एक गाणं उतरवायला अख्खी दुपार जायची आणि संध्याकाळी ऐकावं तर मोबाइलच्या रिंगटोनसारखं टिणटिण. मूळ गाण्यातून गायकाचा आवाज पुसणारं सॉफ्टवेअरही आणून पाहिलं. आवाज पुसला जायचा नाही, विहिरीत पडलेल्या माणसासारखा मागून ओरडत राहायचा.

शेवटी मिरजेत एका वाद्यांच्या दुकानात वायर घ्यायला गेले होते, तिथं मालकासमोर मनातलं सगळं ओकले. तो हसला.

"आवळेंच्याकडं जावा की. शमुवेल आवळे. तीस वर्षं ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवला त्यांनी. तुमच्या या ट्रॅकनं ऑर्केस्ट्रे बसले, आता तुम्हीच जावा त्यांच्याकडं ट्रॅक मागायला."

मिशन कंपाउंडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर होतं. दार राहेलबाईंनी उघडलं. त्या एका हॉस्पिटलात आया होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. आत खिडकीपाशी एक उंच, हडकुळा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून कीबोर्डसमोर बसला होता, आत्ता कार्यक्रमाला निघायचं असल्यासारखा. मी काय हवं ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाणार कोण?"

"आमचे अध्यक्ष."

"मग त्यांना आणा."

"ट्रॅक करायला ते कशाला? गाणं तुम्हाला येत असेलच."

"गाणं येतंय ओ. गाणारा कुठं येतोय मला? त्याचा दम किती, कुठं तुटतो, काय म्हाईत? शिंपी गिऱ्हाईक बघितल्याबिगर कापड कापतो का?"

मला त्यांचा तोराच आवडला. शनिवारी मी साहेबांना म्हटलं, एकदा मिरजेला चला. साहेबांनी चष्मा वर केला. "मी कशाला? मी ओरिजिनल पट्टीत गातो. त्यांना म्हणावं, ओरिजिनल पट्टीत वाजवा. झालं."

साहेबांच्या ओरिजिनल पट्टीची आम्हा सगळ्यांना सवय होती. वरच्या सुरापाशी आले की ते डोळे मिटायचे आणि हात उंच करायचे. हात सुरापर्यंत पोचायचा, आवाज मागं राहायचा. त्या शनिवारी मी छोटा टेपरेकॉर्डर पर्समध्ये चालू ठेवला आणि साहेबांचं गाणं चोरून टिपून आवळेंकडं नेलं.

आवळेंनी ते दोनदा ऐकलं. बोटाच्या पेरांवर काहीतरी मोजत होते.

"दर दुसऱ्या ओळीला दम तुटतो. सिगरेट?"

"सोडली आता."

"आवाज वाईट न्हाई. उगंच वर चढून बसलाय. दीड सूर खाली घेतो आणि अंतऱ्याच्या आधी चार मात्रा वाढवतो. म्हणजे श्वास घ्यायला जागा मिळंल." मग माझ्याकडं रोखून बघत म्हणाले, "त्यांना सांगायचं न्हाई."

"का?"

"गाणाऱ्याची पट्टी उतरवली तर ती वाजवणाऱ्याच्या पोटात राहते. तीस वर्षं हेच केलं आम्ही. मोठमोठ्यांच्या उतरवल्या."

आठ दिवसांत ट्रॅक झाला. व्हायोलिनची फळी, बासरी, गिटार, सगळं त्यांनी कीबोर्डवर एकावर एक चढवलं होतं. अकॉर्डियन खरा वाजवला होता आणि तबला शेजारच्या महादेवनं. मी तो घरी कॉम्प्युटरवर लावला आणि खुर्चीतून उठले नाही. स्वयंपाकघरातून माझे मिस्टर, जिनेंद्र, हातात वाटी घेऊन बाहेर आले आणि दारातच उभे राहिले. आमच्या घरात एवढी शांतता बऱ्याच वर्षांत झाली नव्हती.

शनिवारी साहेब त्या ट्रॅकवर गायले. पहिल्यांदाच त्यांचा हात खाली राहिला. गाणं संपल्यावर स्वतःच चकित झाले आणि लगेच सावरले. "बघितलंत? म्युझिक क्वालिटीचं असलं की ओरिजिनल पट्टी कशी आपोआप लागते."

त्या क्षणी हसू दाबण्यासाठी मी जेवढे कष्ट घेतले तेवढे संसारातसुद्धा घेतले नाहीत.

त्यानंतर आठ महिने मी मिरज-सांगली करत होते. इतर सभासद स्वतः जायला लागले. कुणाला गुडघेदुखी, कुणाला दमा, आवळे प्रत्येकाला समोर बसवून गायला लावायचे आणि माप घेतल्यासारखा ट्रॅक करायचे. मी त्यांना काका म्हणायला लागले आणि ते मला 'अगं कुंदा' म्हणायला लागले. साहेब मात्र एकदाही गेले नाहीत. त्यांचं गाणं पर्समधूनच जायचं.

काकांच्या भिंतीवर जुन्या ऑर्केस्ट्राची पोस्टरं होती. गायकांचे मोठाले फोटो, निवेदकाचा फोटो, साउंडवाल्याचं नावसुद्धा. एकदा काकांनी एका पोस्टरच्या तळाशी बोट ठेवलं. तिथं बारीक अक्षरांत 'व सहकारी' असं छापलेलं होतं.

"हा मी," काका म्हणाले. "अक्षरं पाच आणि माणसं नऊ. त्यात मी कुठं बसलोय ते शोध."

राहेलबाई आतून म्हणाल्या, "तीस वरीस झाली, अजून शोधाय लागलेत."

काका हसले नाहीत. त्यांना ते लागलेलं होतं, आणि लागलेलं ते लपवतही नव्हते. त्याच दिवशी मी ठरवलं की मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमाच्या पत्रकावर त्यांचं नाव येणार. पत्रक टाइप करणारी मीच होते, मला कोण अडवणार होतं?

शेडबाळे साहेबांनी अडवलं. मी पत्रकाच्या शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'संगीत संयोजन आणि ट्रॅक : श्री. शमुवेल आवळे, मिरज'. साहेबांनी त्या ओळीवर पेन आडवा फिरवला आणि वर लिहिलं, 'खास मुंबईहून मागवलेल्या ट्रॅकवर'.

"हे खोटं आहे साहेब."

"जाहिरात आहे, कुंदाताई. जाहिरातीत खोटं काय आणि खरं काय? आणि आवळे म्हणजे ते मिशनच्या मागचे ना?"

"हो. मग?"

"मग काही नाही. माणूस चांगलाच असणार. पण नावाला वजन लागतं. पाहुणे येणार, पेपरवाले येणार. आवळे वाचून कुणाला काय वाटणार?"

"तुम्हाला काय वाटतं ते सांगा. लोकांचं मी बघते."

माझा आवाज चढला तसे जिनेंद्र आतून येऊन पाण्याचा तांब्या उगाच इकडून तिकडं ठेवायला लागले. साहेब आमच्याच समाजातले, लग्नाबारशाला समोर येणारे, त्यांच्या शब्दाला गावात मान. त्यांनी हात जोडल्यासारखं केलं.

"बरं, बरं. पत्रकावर नको. शेवटच्या गाण्याआधी मी स्वतः मंचावरून त्यांचं नाव घेतो. उभं करून सत्कार करू. मग तर झालं?"

"शब्द?"

"शब्द."

मी दुसऱ्या दिवशी मिरजेला जाऊन सांगितलं. काकांनी कीबोर्डवरचा हात काढला.

"पूर्ण नाव घेणार?"

"पूर्ण. तुम्ही उभं राहायचं."

"राहेल, ऐकलंस का गं?" काका आत ओरडले आणि मग माझ्याकडं वळून अगदी कामाचं बोलल्यासारखं म्हणाले, "साहेबांच्या शेवटच्या गाण्याच्या दोन सीडी करून ठेव. ओरिजिनल पट्टीतला ट्रॅकही मी वाजवून ठेवलाय, कधी मागितलाच तर दाखवायला. त्याच्यावर लाल टिपका दे. तो लावायचा न्हाई. गळा फाटंल त्यांचा."

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी होता. नाट्यगृह भरलं होतं, चारशे-साडेचारशे माणसं. मंचाच्या उजव्या विंगेत टेबलावर सीडी प्लेअर आणि माझी सीडींची पेटी. तिथून मला पुढच्या सात-आठ रांगा दिसत होत्या. दुसऱ्या रांगेत जिनेंद्र. सकाळीच ते म्हणाले होते, आज तरी कुणाशी भांडू नकोस. चौथ्या रांगेत कडेला काका आणि राहेलबाई. काकांनी कोट घातला होता. राहेलबाईंच्या अंगावर जांभळी साडी होती, घड्या न मोडलेली. काका प्रत्येक ट्रॅकला खुर्चीच्या हातावर बोटं चालवत होते आणि मध्येच राहेलबाईंच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होते. दोन तास लोक वाहवा करत होते. मध्यंतरात तिघा-चौघांनी मला विचारलं, मुंबईत कुठं मिळतात हो असे ट्रॅक? मी म्हटलं, थांबा, साहेब सांगणार आहेत.

शेवटच्या गाण्याला साहेब माइकपाशी आले. काकांनी कोटाचं बटण लावलं.

"रसिकहो," साहेब म्हणाले, "आजच्या संगीताचं आपण फार कौतुक केलंत. त्यामागे आम्हा कार्यकर्त्यांचे वर्षभराचे कष्ट आहेत. मुंबईतल्या नामवंत वादकांकडून हे ट्रॅक आम्ही खास मागवून घेतले. मुंबई ती मुंबईच. आता समारोपाचं गाणं, अर्थातच ओरिजिनल पट्टीत."

टाळ्या पडल्या. काका अर्धवट उठलेले होते. ते हळूच परत बसले. राहेलबाई समोर बघत राहिल्या.

मला त्या क्षणी काय झालं ते अजून लख्ख आठवतं. साहेबांनी विंगेकडं बघून मान हलवली, लावा म्हणून. पेटीत दोन्ही सीडी शेजारी शेजारी होत्या. ओरिजिनल पट्टी ना साहेब, घ्या तर मग. मी लाल टिपक्याची सीडी उचलली, प्लेअरमध्ये घातली आणि बटण दाबलं.

पहिले व्हायोलिनचे सूर निघाले आणि काकांनी झटकन मान वर केली. त्यांना चार सुरांतच कळलं. ते विंगेकडं बघायला लागले. मी पेटीत डोकं घातलं.

साहेबांनी मुखडा कसाबसा ओढला. त्यांना काय बिघडलंय ते कळत नव्हतं, गळ्याला कळत होतं. मानेच्या शिरा तटतटल्या. अंतऱ्याआधी ते सवयीनं श्वास घ्यायला थांबले, पण या ट्रॅकमध्ये त्या चार मात्रा नव्हत्या. म्युझिक पुढं निघून गेलं. साहेब मागून धावले, वरच्या सुराला हात उंच केला आणि आवाज फाटला. मागच्या रांगांत कुणीतरी फिसकन हसलं. मग ते हसू पुढं पुढं यायला लागलं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. पोटात थंड पडल्यासारखं बरं वाटत होतं.

साहेबांनी हात हलवला. मी बटण दाबून ट्रॅक बंद केला. नाट्यगृहात चुळबुळ झाली. साहेबांनी रुमालानं कपाळ टिपलं. वीस वर्षं मॅनेजर होता तो माणूस, अडचणीत कुणाकडं बोट करायचं हे त्याला शिकवावं लागत नव्हतं.

"क्षमा करा रसिकहो. दोष माझा नाही, ट्रॅकमध्येच गफलत आहे. आता सांगायला हरकत नाही. बाकीचे ट्रॅक मुंबईचे आहेत. हा एकच आम्ही इथल्या कलाकाराला संधी द्यावी म्हणून मिरजेच्या शमुवेल आवळे यांच्याकडून करून घेतला. त्यांनी पट्टी चुकवली. आवळे आलेत का? आले असतील तर उभे राहा."

चौथ्या रांगेत काका उभे राहिले. पुढच्या खुर्चीची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. चारशे माना वळल्या. राहेलबाईंनी त्यांच्या कोटाचं टोक ओढून खाली बसवायला बघितलं, पण ते बसले नाहीत.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. फार वेळ नसेल, पण मला पुरेल एवढं बघितलं.

माझ्यापासून माइक दहा पावलांवर होता. चूक त्यांची नाही, सीडी मी बदलली, आणि बाकीचे सगळे ट्रॅकही त्यांचेच आहेत, एवढंच बोलायचं होतं. माझ्यासारख्या बाईला ते काय अवघड होतं? रिक्षावाल्यांशी, गॅसवाल्याशी, नगरपालिकेच्या साहेबांशी मी भर रस्त्यात भांडलेली होते. पण साहेबांना पाडायला मी अंधारातून बटण दाबलं होतं, आणि आता उजेडात जायचं होतं. दुसऱ्या रांगेत जिनेंद्रचा चेहरा दिसत होता. सगळं मंडळ समोर होतं, ट्रॅक कुणाचे ते माहीत असूनही गप्प. मी पेटीचं झाकण धरून उभी राहिले. मनात म्हटलं, हे गाणं संपलं की सांगते.

"चूक झाली साहेब," काका म्हणाले. माइक नसतानाही त्यांचा आवाज मागंपर्यंत गेला. "दुसरी सीडी बाईंच्याकडं हाय. ती लावायला सांगा. ती बरोबर हाय."

ते खाली बसले. काही लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या, मोठ्या मनानं चूक कबूल केली म्हणून. मी दुसरी सीडी लावली. साहेब अंतऱ्याआधी थांबले, म्युझिक त्यांच्यासाठी थांबलं, त्यांनी श्वास घेतला आणि फार सुंदर गायले. लोकांनी उभं राहून टाळ्या दिल्या.

गाणं संपलं तेव्हा मी म्हटलं, आभार झाल्यावर सांगते. आभार झाल्यावर म्हटलं, लोक पांगू देत, साहेबांनाच बाजूला घेऊन सांगते. साहेब हार घातलेल्या गळ्यानं माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "जाऊ दे कुंदाताई, मी काही मनात ठेवलेलं नाही. तुमचा माणूस म्हणून माफ केलं." मी "हो साहेब" म्हटलं. चौथ्या रांगेतल्या दोन खुर्च्या केव्हाच रिकाम्या झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिरजेला गेले. बसमध्ये मी साहेबांना एवढ्या शिव्या घातल्या, की मला वाटलं त्या ऐकूनच काकांचं समाधान होईल. दार राहेलबाईंनी उघडलं. त्यांनी मला आत ये म्हटलं नाही, पण बाजूला झाल्या. मग टेबलावरचा पेपर उचलून माझ्या हातात दिला.

"छापून आलंय. वाचा."

आतल्या पानावर चार बोटांची बातमी होती. सूरसंगत मंडळाचा कार्यक्रम रंगला, मुंबईच्या ट्रॅकना दाद. आणि शेवटचं वाक्य असं होतं, की समारोपाच्या गीतावेळी मिरजेचे वादक शमुवेल आवळे यांच्या सदोष ट्रॅकमुळे काही काळ व्यत्यय आला.

"पूर्ण नाव हाय," राहेलबाई म्हणाल्या. "काना-मात्रा सुदिक चुकवली न्हाई."

काका खिडकीपाशी बसले होते. कीबोर्डवर कापड घातलेलं होतं. मी उभ्याउभ्याच सुरू झाले. तो माणूस कसा लबाड आहे, त्यानं शब्द कसा मोडला, तुमच्या जातीवर कसा गेला, मी त्याला कधी सोडणार नाही. काकांनी मला पुरतं बोलू दिलं.

"लाल टिपका तुम्ही मुद्दाम लावला का चुकून?" त्यांनी विचारलं.

त्यांनी मला परत 'तुम्ही' म्हटलं होतं. मी खाली बघितलं.

"मुद्दाम. मला तुमच्यासाठी राग आला होता काका."

"राग आला ते बरोबर. मला आला नसंल असं वाटतंय? तीस वर्षं येतोय. त्यांनी नाव घेतलं न्हाई तवा मलाबी वाटलं, उठावं आणि सांगावं सगळ्यांना तुमची ओरिजिनल पट्टी काय ती. सांगितलं न्हाई, कारण ते आपलं काम न्हाई." त्यांचा आवाज आता चढला होता. मी तो पहिल्यांदाच चढलेला ऐकत होते. "आणि तुम्ही माझ्याच ट्रॅकनं माणूस पाडला. ते एक सोडा. रागात झालं म्हणू. पण मला उभं केलं तवा तुम्ही कुठं होता?"

मी हातातल्या पेपरची घडी घालायला लागले.

"दहा पावलं होती. मी मोजली बसल्या जागेवरनं. मला वाटलं, येणार. कुंदा हाय ती, ती गप बसायची न्हाई. मी वाट बघितली बाई. राहेल कोट ओढाय लागली तरी मी तेवढ्यासाठी उभा राहिलो."

राहेलबाई आत निघून गेल्या. आत भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला.

"मी आज मंडळात सांगते," मी म्हटलं. "आत्ता जाऊन साहेबांच्या तोंडावर सांगते. पेपरवाल्याला सांगते."

"आता कुणासाठी सांगताय?"

त्यांनी कपाटातून एक पिशवी काढली. आणखी सात जणांचे ट्रॅक त्यात तयार होते, प्रत्येकावर ज्याचं त्याचं नाव लिहिलेलं. पिशवी माझ्या हातात दिली. "ज्यांचे हायत त्यांना द्या. त्यांनी काय वाईट केलंय? पण आता नवीन आणू नका. आणि माझं नाव कुठं घालू नका. घातलंय तेवढं बास झालं."

मी परत येताना बसमध्ये ठरवलं होतं, की सरळ शेडबाळे साहेबांच्या घरी जायचं. विश्रामबागेत उतरले आणि घरी गेले. जिनेंद्रनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. पुढच्या शनिवारी मी सातही जणांना त्यांचे ट्रॅक वाटले.

काका चार वर्षांनी गेले. राहेलबाईंनी मला कळवलं नाही, मला दुकानदाराकडून कळलं. शेडबाळे साहेब अजून गातात. सत्याऐंशीचे आहेत. त्याच सीडीवरचा ट्रॅक आता त्यांच्या नातवानं मोबाइलवर घेऊन दिलाय, आणि दर वेळी ते सांगतात की मुंबईच्या म्युझिकची बातच वेगळी. मी समोर बसलेली असते.

गेल्या महिन्यात मंडळानं माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्र शेडबाळे साहेबांनीच वाचलं. त्यात लिहिलं होतं, की कुंदाताई स्वभावानं फटकळ, कुणाची भीडभाड न ठेवणाऱ्या, अन्याय दिसला की तिथल्या तिथं तोंडावर बोलणाऱ्या. सगळे हसले, टाळ्या वाजल्या. मी मानपत्र घेतलं, सगळ्यांना नमस्कार केला आणि गप्प माझ्या जागेवर जाऊन बसले.